बर्फविहिरीचा शुक्रवार

त्या वर्षी राणी कोण, यावर फारसा घोळ झालाच नाही. नने कोकब सलग अकरा वर्षं राणी होत आली होती, पण हिवाळ्यात तिचे गुडघे पार कामातून गेले. तिला जुन्या हमामाच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या, गच्चीवर चढवायचं म्हणजे चौघींचं काम. तिनेच तूबाकडे बोट दाखवलं.

"ही घ्या. हिला हसू लवकर येत नाही. राणीला ते बरं असतं."

तूबा तेव्हाही हसली नाही, म्हणून बाकीच्या सगळ्या हसल्या.

नेसाम हे गाव दमावंद पर्वताच्या सावलीच्या अंगाला आहे. वसंताच्या मध्यावरच्या एका शुक्रवारी गावातले झाडून सगळे पुरुष खेचरं, फावडी आणि गोणपाटं घेऊन खिंडीत जातात. तिथे दगडांनी बांधलेली एक खोल विहीर आहे. तिला झरा नाही. आसपासच्या घळींतलं बर्फ कापून आणायचं, विहिरीत टाकून पायांनी तुडवायचं, थरावर थर देत ती काठोकाठ भरायची आणि वर गवत-माती घालून बंद करायची. मग उन्हाळाभर मेंढपाळ, त्यांची मेंढरं आणि खिंड ओलांडणारे वाटसरू त्या बर्फावर तहान भागवतात. हे कधीपासून चालत आलंय ते कुणालाच सांगता येत नाही. आणि त्या दिवशी खाली गावात बायकांचं राज्य. राणीचा शब्द सूर्यास्तापर्यंत कायदा. गावात पुरुष सापडलाच तर त्याची धडगत नसते. सूट फक्त अंथरुणाला खिळलेल्यांना, तीही पडदे ओढून घेण्याच्या अटीवर.

तूबा अठ्ठावन्न वर्षांची होती. गावाच्या खालच्या टोकाला, पाटाच्या अगदी शेपटाशी तिची सफरचंदाची बाग होती. पाण्याची पाळी सर्वांत शेवटी तिची. गेली तीन वर्षं तिच्या पाळीला पाटातून पाणी येण्याऐवजी ओल तेवढी येत होती. यंदाच्या हिवाळ्यात तर बर्फ पडलं तेही दोनदाच, आणि जेमतेम घोट्यापर्यंत. नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाला, डोंगराचे काळे खडक उघडे पडलेले पाहून म्हाताऱ्या माणसांनी माना फिरवल्या होत्या.

तिची मुलगी माहरू खाली भाताच्या मुलखात, आमोलजवळ दिली होती. वसंत आला की तिथली माणसं डोंगरातल्या नातेवाइकांना फोन करतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. त्या शुक्रवारी सकाळीही माहरूचा फोन आलाच. नने म्हणजे आई; म्हाताऱ्या कोकबलाही गाव त्याच मानाने हाक मारायचं.

"नने, वर बर्फ किती आहे?"

"आहे की."

"आहे की म्हणजे किती? इथे रोपं हातभर झालीत आणि हराज नदीतून पोरं चप्पल न भिजवता पलीकडे जातायत. सासरे रोज विचारतात, सगळं शेत लावायचं की अर्धं?"

"लावा. वितळेल हळूहळू," तूबा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. वितळायला वर काय आहे, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

पुरुष उजाडतानाच गेले होते. तिचा नवरा नादअली सर्वांत पुढे. मश्हदची यात्रा करून आल्यापासून ती त्याला मश्दी म्हणायची. दहाच्या सुमारास डफ वाजू लागला. तूबाच्या डोक्याला लाल रेशमी रुमाल आणि त्यावर नाण्यांचा पट्टा बांधून तिला गच्चीवर बसवलं. सूरी सेनापती झाली. तिच्या अंगात वडिलांचा पोलिसातला जुना कोट, हातात ओल्या खाजकुयलीची जुडी. खाली अंगणात मोठ्या पातेल्यात आश शिजत होती. पालक, डाळी आणि शेवया घातलेलं ते दाट सूप त्या दिवशी साऱ्या गावाचं जेवण. नने कोकब पातेल्याशेजारी खुर्चीत बसून मीठ कमी-जास्त सांगत होती.

दरबार भरला. एकीने तक्रार केली, नवरा घोरतो. राणीने त्याला महिनाभर गोठ्यात झोपण्याची शिक्षा दिली. दुसरी म्हणाली, माझा दिवसभर बोलतच नाही. "तुझं नशीब थोर," नने कोकब खालून ओरडली आणि हशा पिकला. तूबाला हळूहळू मजा वाटू लागली होती.

तेवढ्यात सूरीचा आवाज आला. "राणीसरकार, शत्रू सापडला!"

तिने दंडाला धरून आणलेला माणूस म्हणजे तूबाचा धाकटा भाऊ, इस्फंदियार. गाव त्याला इस्फंद म्हणायचं, आणि तो तूबाला आबजी, म्हणजे ताई. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि तूबाने त्याला पाठुंगळी घेऊन धुणी धुतली होती. गावाच्या वरच्या अंगाला तेहरानवाल्यांचे पाच बंगले झाले होते. त्यांची देखभाल तोच बघायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात पाना.

"तिसऱ्या बंगल्याच्या मागे लपला होता," सूरी म्हणाली.

"लपलो कसला? काम होतं. आबजी, सांग ना हिला सोडायला."

"इथे कुणी कुणाची आबजी नाही!" नने कोकब गरजली. "राणीसरकार म्हण."

"राणीसरकार," इस्फंद कमरेत वाकला, "गुलाम वर जाणारच होता, पण उशीर झाला."

शिक्षा लगेच झाली. त्याला फुलाफुलांची चादर पांघरवून पातेल्याजवळ बसवलं आणि पुढ्यात कांद्यांची टोपली ठेवली. इस्फंद मुळात गमत्या. बारीक आवाज काढून कुरकुर करू लागला की सासू जाच करते, आणि बायका पोट धरून हसल्या. तूबा वरून बघत होती. तिला तो लहानपणीचा दिसत होता. पण मग तिच्या लक्षात आलं की तो दर थोड्या वेळाने घड्याळ बघतोय.

"पाच मिनिटं सोडा मला," तो सूरीला म्हणाला. "जाऊन येतो. शप्पथ."

"कशाला?"

"टाकी भरून वाहील ना!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. कांदा चिरणारा हात थांबला.

"कसली टाकी?" तूबाने वरून विचारलं.

"बंगल्यांची. टँकरचं पाणी."

"टँकर शुक्रवारी येत नाही."

अंगणात हसणं विरत गेलं. नवरोजपासून गावाच्या नळाला दिवसाआड तासभर पाणी येत होतं. बायका घागरी रांगेत लावून उभ्या राहत होत्या. वाहून जाईल एवढं पाणी कुणाकडे असू शकतं, हा प्रश्न एकदम सगळ्यांच्याच मनात आला असावा.

तूबा उठली. राणीने सूर्यास्ताआधी सिंहासन सोडायचं नसतं, हे नने कोकबने तिला दोनदा बजावलं होतं. आता मात्र म्हातारी फक्त एवढंच म्हणाली, "जा, बघून ये."

तिसऱ्या बंगल्यामागे जमिनीत पुरलेली टाकी होती. लोखंडी झाकणाखालून पाणी पडल्याचा आवाज येत होता. टाकीत उतरणारा काळा पाइप दंडाएवढा जाड होता आणि तो काटेरी झुडपांतून, दगडांखालून वर चढत गेला होता. बायका त्याच्या मागोमाग चढल्या. चादर सावरत इस्फंदही मागून आला. गावाच्या शिवेवर, खिंडीच्या वाटेला, खडकातून झरा फुटतो तिथे पाइपाचं तोंड होतं, वर रचून ठेवलेल्या दगडांनी झाकलेलं. सूरीने दगड बाजूला केले. झऱ्याचं निम्म्याहून अधिक पाणी गपागप त्या तोंडात शिरत होतं. उरलेलं बारीक होऊन पाटाकडे निघालं होतं.

तूबाने पाण्यात हात धरला. हाडं ठणकेपर्यंत थंड. वरच्या बर्फाचं पाणी. ते किती दिवसांचं उरलंय, कोण जाणे.

"कधीपासून?"

"तीन वर्षं," इस्फंद म्हणाला.

तीन वर्षं. पहिल्या उन्हाळ्यात तूबाची चार झाडं उभ्या उभ्या वाळली. सूरी आपल्या पाळीचं पाणी चोरते असं तिला वाटलं होतं, आणि त्या पायी दोघींनी वर्षभर एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. तिने सूरीकडे बघितलं. सूरीने फक्त कोटाची बटणं चाचपली.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

इस्फंद खिंडीच्या वाटेकडे बघत होता. तिथून घंटांचा आवाज येत होता. खेचरं खाली उतरत होती.

दुपारचा एकही वाजला नव्हता. पुरुष एरवी दिवस कलल्यावर गात गात उतरायचे. आज कुणी गात नव्हतं. पुढे नादअली होता, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. झऱ्याशी बायकांचा घोळका पाहून तो शिवेच्या दगडाअलीकडेच थबकला. त्याच्या मागे बाकीचेही थांबले.

"मश्दी, एवढ्यात?" तूबाने विचारलं.

"आटपलं."

"भरली?"

"नाही. बर्फ आटपलं." तो वाटेकडेच्या एका दगडावर बसला. "तीन पुरुष खोल विहीर, एक पुरुषभरही झाली नाही. घळी पार खरवडून काढल्या. शेवटी तर बर्फ कमी आणि माती जास्त येत होती. म्हातारे रमजान आत उतरले होते तुडवायला. वर यायलाच तयार नव्हते. अजून आणा, म्हणत होते, अजून आणा. दोरी लावून काढलं."

मग नादअलीची नजर उघड्या पडलेल्या पाइपावर गेली, तिथून तूबावर आली आणि खाली वळली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ तिला विचारावा लागला नाही. तरी तिने विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मी पाटाला शिव्या देत होते."

"तुझाच भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? इथल्या निम्म्या घरांची माणसं बंगल्यांवर कामाला आहेत. तू एकटी पडली असतीस."

"एकटी तर होतेच की."

मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो, घरी जाऊन भांडा. पोटात कावळे ओरडतायत. बर्फच नाही तर राणी कशाची? खेळ संपला."

ते वाक्य बायकांना खाजकुयलीसारखं लागलं. सूरी पुढे सरसावली, पण तूबाने तिला हाताने थांबवलं. तिला त्या माणसाचा राग आला नव्हता. त्याने म्हटलं ते सकाळपासून तिच्याही मनात कुठेतरी होतं. पुरुषांना वर जायला कारण उरलं नाही, तर हा दिवस तरी कशाच्या आधारावर उभा राहणार?

इस्फंदने डोक्यावरची चादर खाली ओढली. कांद्याने त्याचे डोळे लाल झाले होते. आता त्याचा आवाज गमतीचा नव्हता.

"मला चोर म्हणायचं तर म्हण, आबजी. पण बर्फ मी खाल्लेलं नाही. हा पाइप उपटून टाकलास म्हणून पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडणार आहे? दहा वर्षांत हा झरा तसाही आटेल. तोवर जे आहे त्यावर गाव तरी जगू दे. बंगले गेले की बेकरी बंद, दुकान बंद, शाळेला मास्तर यायचा नाही. मग कोण राहील इथे? तुझी सफरचंदं?"

पुरुषांत दोन-तीन माना हलल्या. बायकांतही एखाद-दुसरी. त्याच्या बोलण्यात खोट काढायला तूबाला जागा सापडत नव्हती, आणि तरीही तिला ते पुरतं पटत नव्हतं.

"दिवस मावळलाय?" तिने विचारलं.

"नाही," सूरी म्हणाली.

"मग शिक्षा माझी." ती भावाकडे वळली. "बर्फ तू खाल्लं नाहीस, कबूल. झरा आटेल म्हणतोस, तेही खरं असेल. पण पाणी कमी झालंय हे आम्हाला नीट कळलं असतं तर आम्ही कमी पाण्याचा संसार मांडला असता. कुठली झाडं ठेवायची, कुठली नाही, ते ठरवलं असतं. तू किती नेतोस हे दिसलं असतं तर मी या बाईशी वर्षभर अबोला धरला नसता. तू पाणी नेलंस त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तू ते लपवलंस. आता तुझ्याच हाताने पाइप सोडव. टाकी उघडून पाणी पाटात सोड. आत्ता."

"आणि उद्या?"

"उद्या माझं राज्य नाही."

तो हलला नाही. शेवटी नादअली उठला, शिवेच्या दगडावर पाय न ठेवता खेचरावरच्या पिशवीतला आपला पाना त्याने अलीकडून पुढे केला. "तुझा लहान आहे, हा घे," तो मेव्हण्याला म्हणाला. इस्फंद गुडघ्यांवर बसला. गंज चढलेली पट्टी सुटायला वेळ लागला. सुटली तेव्हा पाणी त्याच्या चादरीवर उडालं आणि सगळंच्या सगळं पाटाकडे धावलं.

मघाचा तोच माणूस म्हणाला, "आता तरी येऊ का आत?"

"नाही," तूबा म्हणाली. "बसा तिथेच. जेवण बाहेर येईल."

सूरी पाण्याच्या पुढे पुढे धावत गेली. पाटातला पालापाचोळा खाजकुयलीच्या जुडीनेच बाजूला करत होती. थोड्या वेळाने टाकीचं पाणीही येऊन मिळालं. ते पाटाच्या शेपटाशी पोचलं तेव्हा तूबा तिथे नव्हती. ती झऱ्याशी बसून पुरुषांच्या वाडग्यांत आश वाढत होती. खालून एकाएकी डफाचा आवाज आला. थाप ताल सोडून, वेडीवाकडी. बागेत पाणी शिरताना नने कोकबने खुर्चीतून पाहिलं होतं, आणि उठता येत नव्हतं म्हणून तिने डफ मागवून घेतला होता.

संध्याकाळी रुमाल सोडल्यावर तूबाने मुलीला फोन केला.

"बर्फ नाही, माहरू. विहीरसुद्धा भरली नाही. सासऱ्यांना सांग, अर्धंच लावा."

"सकाळी तर म्हणालीस..."

"सकाळी खोटं बोलले. तुझ्याशी नाही, माझ्याशीच."

शनिवारपासून मशिदीच्या ओसरीवर पुरुषांची खडाजंगी सुरू झाली ती तीन आठवडे चालली. पहिल्यांदाच बायकाही जाऊन मागे बसल्या. कुणी हटकलं की सूरी म्हणायची, आम्ही ऐकायला आलोय, आणि मग सर्वांत जास्त तीच बोलायची. अखेर ठरलं ते कुणालाच पूर्ण पटलं नाही. बंगल्यांना पाइप राहिला, पण मनगटाहून बारीक, उघड्यावर, आणि त्याची चावी बेकरीसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आठवड्यातून दोन सकाळी पाणी. पोहण्याचे हौद बंद. एका मालकाने कोर्टात जाण्याची धमकी दिली, दुसऱ्याने बंगला विकायला काढला. दोन माळ्यांचं काम सुटलं, आणि त्यांतल्या एकाच्या बायकोने तूबाला रस्त्यात ओळख दाखवणं सोडलं. तूबाला ते लागलं. तिने ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

बर्फविहीर उन्हाळ्याच्या पहिल्याच महिन्यात रिकामी झाली. मेंढपाळ कळप घेऊन गावात पाणी मागायला उतरले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्यांना नाही कोण म्हणणार? पाटाची एक पाळी मेंढरांना गेली. खाली माहरूच्या सासऱ्यांनी अर्धं शेत लावलं आणि तेवढं हाताला लागलं. शेजाऱ्याने सगळं लावलं होतं, त्याचं लोंब्या धरायच्या सुमाराला करपलं. उन्हाळ्याचं ऊन शरदापर्यंत हटलं नाही. झरा बारीक होत होत दोन बोटांवर आला.

इस्फंद बहिणीकडे फिरकला नाही. रस्त्यात दिसला तर मान खाली घालून जायचा. तूबाही त्याच्या दारात गेली नाही. नादअलीशी मात्र ती चौथ्या दिवसापासून बोलू लागली होती. आधी फक्त मीठ-भाकरीपुरतं, मग हळूहळू सगळंच.

शरदात तिने ठरवलं की तेवीस झाडांना पुरेल इतकं पाणी आता येणार नाही. चौदा जगवायची, नऊ काढायची. कुठली, ते तिने महिनाभर बागेत हिंडून मनाशी पक्कं केलं, आणि एका सकाळी नादअलीने कुऱ्हाड घातली. दुसरं झाड पडलं तेव्हा बांधावर कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. हातात यांत्रिक करवत घेऊन इस्फंद आला होता.

"कुऱ्हाडीने किती दिवस लागतील?" तो म्हणाला.

"जितके लागतील तितके."

"राणीसरकारांची परवानगी असेल तर..."

ती हसली नाही. पण बाजूला सरकली. दुपारपर्यंत सहा झाडं आडवी झाली. एकेका बुंध्याची वर्तुळं बघत तो उकिडवा बसायचा. "ही बघ, ही रुंद आहेत ती आईच्या वेळची असणार," एकदा म्हणाला, आणि मग अगदी कडेच्या, गेल्या तीन वर्षांच्या, केसाएवढ्या बारीक रेषांवर त्याने अंगठा फिरवला.

सातव्या झाडाशी आल्यावर त्याने करवत बंद केली.

"हे नको काढू. याला अजून जोर आहे. ते कोपऱ्यातलं काढ."

"कोपऱ्यातलं पाटाजवळ आहे. त्याला ओल मिळते. याला कुठून पोचवू?"

"मी घागरीने घालीन."

"तू? रोज?"

"दिवसाआड."

"तुझा दिवसाआड मला ठाऊक आहे," तूबा म्हणाली.

नादअलीने दोघांकडे पाहिलं, कुऱ्हाड खाली ठेवली आणि चहाचं आधण चढवायला निघून गेला. भाऊ-बहीण त्या झाडाखाली उभी राहून वाद घालत राहिली. चहा निवला तरी त्यांचं एकमत होईना, म्हणून सातवं झाड त्या दिवशी तसंच राहिलं.